मुळे अलीकडे, फुले पलीकडे

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिवणकाम करणारी, आणि वयाने सुई ओवायला आता दुसऱ्याला हाक मारावी लागते इतकी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या शिवणटेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणास शंका असेल तर त्याने समोर येऊन उभे राहावे. मी एकदा घेतलेले माप विसरत नाही, आणि या गल्लीत कोणाची कंबर कधी सुटली हे चारचौघांत सांगायला मला काही वाटत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. ती पार्टिशनच्या पलीकडे राहते आणि आमचे बोलणे बंद आहे.

उद्या माझ्या हृदयाची झडप बदलायचे ऑपरेशन आहे. समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "अहो, हल्ली हे रोजचंच झालंय, काळजीचं काहीसुद्धा नाही." हे त्यांनी इतक्या वेळा म्हटले की मी वकीलसाहेबांना बोलावणे धाडले. ते आता समोरच्या खुर्चीत बसले आहेत, चहा पीत आहेत, आणि मी लिहिलेली प्रत्येक ओळ उलट बाजूने वाचून मान हलवत आहेत. बाजूला डॉक्टरीणबाई आहेत. दाराशी सुतार बसले आहेत. हे दोघे साक्षीदार. पार्टिशनच्या पलीकडे माझी धाकटी बहीण आहे. तिला कोणी बोलावलेले नाही, पण मी मोठ्याने म्हणत लिहिते आणि फळी पातळ आहे, त्यामुळे तिला सगळे ऐकू जाते. मधूनमधून ती खोकते. तिला खोकला झालेला नाही.

कलम १. जागा. हे घर आईने आम्हा दोघी बहिणींना ठेवले. त्यातली मोठी खोली आमच्या भांडणानंतर मधोमध पार्टिशन घालून वाटून घेतली. रस्त्याकडची बाजू मी घेतली, कारण गिऱ्हाईक रस्त्याकडून येते. सकाळच्या उन्हाची खिडकी त्यामुळे धाकटीकडे गेली. त्या वेळी मला ते लक्षात आले नाही, कारण रागाच्या भरात माणूस ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहत नाही. माझा हिस्सा मी धाकटीच्या मुलाला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका भाच्याला देते. पोरगा सरळ आहे. जरा घाईतला आहे, पण सरळ आहे.

कलम २. शिवणयंत्र, त्याचे टेबल, दोऱ्यांची रिळे आणि बटणांचे सगळे डबे भाचेसुनेला. तिचा हात चांगला आहे. फक्त काज करताना ती टाके लांब घालते. तिने लांब घालू नयेत. बँकेत माझ्या नावावर जी काही ठेव असेल तीही तिलाच, भाच्याला नको. दिली तर तो मोठी गाडी घेईल आणि ती लावायला जागा शोधत फिरेल.

कलम ३. माप घ्यायची टेप कोपऱ्यावरच्या हेडमास्तरांना. त्यांचा कोट मी शिवला तेव्हा तो त्यांना नीट बसत होता. पुढे दरवर्षी ते दुकानात येऊन म्हणत, "बाई, तुमचं कटिंग चुकलंय." मी दरवर्षी शिवण उसवून, आतले कापड सोडून कोट सैल करत गेले आणि गप्प राहिले. आता सोडायला कापड उरलेले नाही. त्यांनी ही टेप रोज आंघोळीनंतर स्वतः लावून पाहावी. टेप गप्प बसत नाही.

कलम ४. कापड चढवून बघायचा जो पुतळा कोपऱ्यात उभा आहे, तो डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंना. त्यांना दिवसभर कोणीतरी ऐकणारे लागते.

(वकीलसाहेब म्हणतात, असे लिहू नये, आणि शिवाय साक्षीदाराच्या घरात काही जाऊ नये. डॉक्टरीणबाई म्हणतात, साहेब, राहू द्या हो, मी कुठं काही बोलले. शेवटी पुतळा भाचेसुनेला. पण मनात काय होते ते लिहून झाले आहे आणि मी खोडणार नाही.)

कलम ५. प्लास्टिकची वेल भाच्यालाच परत. गेल्या वाढदिवसाला त्याने ती मला आणून दिली. म्हणाला, "मावशी, हिला पाणी नको, ऊन नको, काही नको. अगदी खऱ्यासारखी दिसते की नाही?" मी म्हटले, "अरे, मग तू कशाला येतोस? तुझा फोटो पाठव. तोही खऱ्यासारखा दिसतो." पोराने ते मनावर घेतले नाही, हसून दोन बिस्किटे जास्त खाल्ली. तर ती वेल तिच्या खोक्यासकट माळ्यावर आहे. धूळ पुसून न्यावी.

कलम ६. कापडाची मोठी कात्री. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पार्टिशन तिच्यामुळेच झाले.

आमच्याकडे आईच्या हातची होयाची वेल आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते: जाड, चकचकीत पानांची घरात वाढणारी वेल. तिला मेणाच्या चांदण्यांसारख्या फुलांचे झुपके येतात, आणि संध्याकाळ झाली की त्यांचा वास सुटतो. आई होती तोपर्यंत आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती. आम्ही दोघी तोंड धुवायला जातानासुद्धा तिच्यापासून अंग चोरून जायचो. आई गेल्यावर वेल माझ्याकडे आली, कारण मी मोठी. धाकटी मुलाला घेऊन माहेरी राहायला आली आणि तिने पुढच्या गल्लीत केस कापायचे पार्लर काढले. हात तिचा चांगला, हे मी आजही म्हणेन. पण त्या धंद्यातल्या माणसाला लांब आणि वाळके काही दिसले की राहवत नाही.

मागे पित्ताचे खडे काढायला मी दवाखान्यात होते तेव्हा घर तिच्यावर टाकले होते. परत आले तर वेल पार्लरमधून बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकासारखी दिसत होती. सगळीकडून सारखी. धाकटी दारातच उभी, तोंडभर हसू. "ताई, बघ कशी टापटीप केलीय! टोकं छाटली की दाट येते. आणि ते वाळके देठ किती गं, सगळे काढून टाकले."

आता ऐका. होयाला नवे फूल जुन्याच देठावर येते. फूल गळून गेले की मागे जो आखूड, सुरकुतलेला देठ उरतो, त्यावरच पुढच्या खेपेला पुन्हा कळ्या धरतात. आईच्या काळापासूनचे देठ होते ते. आणि जे लांब, बिनपानाचे, बोडके कोंब ती "टोकं" म्हणून छाटून बसली, ते आधार शोधत पुढे जाणारे कोंब. आधार मिळाला की त्यांना पाने फुटतात. म्हणजे मागचेही गेले आणि पुढचेही गेले. आणि हे सगळे तिने माझ्या कापडाच्या कात्रीने केले! पार्लरमध्ये ढीगभर कात्र्या असताना! पात्यावर वेलीचा पांढरा चीक वाळून बसला होता. ज्या कात्रीने मी कागदसुद्धा कापू देत नाही तिच्यावर चीक.

मी बोलले. खूप बोलले. वेलीचे सगळे शास्त्र मी तिला त्या दिवशी उभ्याउभ्या ओरडून शिकवले. तीही बोलली. म्हणाली, "रोज दोन वेळा दवाखान्यात डबा घेऊन येत होते, ते नाही दिसलं तुला? झाडाचे देठ दिसले." मी म्हटले, "डबा अळणी होता."

हे आमचे शेवटचे बोलणे. दुसऱ्या दिवशी सुतार आले आणि त्यांनी पार्टिशन घातले. लाकूड कमी पडले म्हणून वरती छताशी हातभर जागा मोकळी राहिली.

तेव्हा सदर कात्री कोणालाही द्यावी, धाकटीला देऊ नये.

(पलीकडून खोकला. मोठा. वकीलसाहेबांनी नोंद घ्यावी.)

कलम ७. वेल. हे कलम मी शेवटी ठेवले होते, पण खरे तर आजचे सगळे लिहिणे याच्यासाठीच आहे. घर, यंत्र, पुतळा, कोणी ना कोणी घेईलच. वेलीचे तसे नाही. वेल देता येते, पण तिला कसे जगवायचे ते मृत्युपत्रात देता येत नाही. आणि उद्या सकाळी मी दवाखान्यात जाणार आहे, नेमक्या या वेळी, कारण या वर्षी, त्या छाटणीनंतर पहिल्यांदा, माझ्या बाजूला कळ्या धरल्या आहेत.

इतकी वर्षे फुले फक्त पलीकडे येत होती. वेलीची कुंडी माझ्या कपाटावर, पाणी माझे, माती माझी. पण छाटणीतून सावरल्यावर तिने पहिला कोंब काढला तो सरळ पार्टिशनच्या वरच्या फटीतून पलीकडे, उन्हाच्या खिडकीकडे. दर हंगामाला संध्याकाळी वरच्या फटीतून वास यायचा आणि मी यंत्रावर बसून तो घ्यायचे. फूल मला दिसायचे नाही. पलीकडे जाऊन बघायचे तर बोलणे लागते. या वर्षी मात्र शिवणयंत्राच्या बरोबर वर माझ्या बाजूची एक फांदी खाली लोंबली आणि तिला झुपका धरला आहे. अजून कळ्या हिरव्या आहेत, मिरीएवढ्या. मी डॉक्टरीणबाईंना म्हटले, "ऑपरेशन जरा पुढं ढकला, एवढं फूल उमलू दे." त्या म्हणाल्या, "बाई, झडप फुलाची वाट बघत नाही." मग वेल कोणी बघायची ते ठरवणे आले. होयाची कळी फार मानी. कुंडी जरा फिरवली, जागा बदलली, जास्त पाणी दिले, अगदी तहानलेली ठेवली, तरी सगळा झुपका गाळून टाकते. मग पुन्हा कधी धरेल ते तीच जाणे.

म्हणून वेलीच्या सूचना अशा:

पाणी वार बघून देऊ नये. पान बोटांत धरून हलकेच दुमडून बघावे. ताठ राहिले तर पाणी नको, मऊ पडून वाकले तर द्यावे, आणि द्यायचे तेव्हा कुंडीच्या खालून वाहेपर्यंत द्यावे. खालच्या ताटलीत साठलेले पाणी ओतून टाकावे. ओल्या मातीत हिची मुळे कुजतात. "बिचारीला तहान लागली असेल" असे म्हणत येता जाता तांब्या ओतणाऱ्या माणसाने तिच्या जवळ फिरकू नये. भाचा तसा आहे. त्याने आजवर निवडुंगसुद्धा बुडवून मारला आहे.

कुंडी बदलू नये. भाचा म्हणतो, "मावशी, तिला अडचण होतेय." अडचणीतच तिला फूल येते. ती या घरचीच आहे.

कुंडीवर मी शिवणाच्या खडूने एक रेघ मारली आहे. ती रेघ रस्त्याच्या बाजूलाच असावी. पुसली गेली तर पुन्हा मारावी, पण अंदाजाने नाही.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण. माझ्या खोलीत जिकडेतिकडे कापडाचे पांढरे पुंजके उडत असल्यामुळे एकदा मी महिनाभर ढेकणाला पुंजका समजले आणि पुंजक्याला ढेकूण. फुंकर मारावी. उडाले तर पुंजका. नाही उडाले तर साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसून काढावे.

फूल उमलल्यावर त्यातून चिकट थेंब पडतो. खाली कापड पसरून ठेवू नये. फूल गळले की देठ तसाच ठेवावा. देठ. तसाच. ठेवावा.

(येथे खोकला आला नाही.)

इथे वकीलसाहेबांनी अडवले. म्हणाले, "बाई, सूचना ठीक आहेत, पण मिळकतीचं वर्णन लागतं. वेल नेमकी कुठून कुठवर आहे? चतुःसीमा लिहा." मी म्हटले, "वेलीला कसली चतुःसीमा?" ते म्हणाले, "घराचा हिस्सा तुम्ही भाच्याला देताय, वेल दुसऱ्या कोणाला द्याल, आणि अर्धी वेल तिसऱ्याच्या खोलीत. उद्या कोर्टात मी काय सांगू?" मग मी लिहू लागले: सदर वेलीच्या पश्चिमेस रस्ता, खाली माझे कपाट, पूर्वेस पार्टिशन, आणि पार्टिशनापलीकडे काय आहे ते मला माहीत नाही. हे काही वकीलसाहेबांना पटेना. त्यांनी सुतारांना शिडी लावून वर बघायला सांगितले.

यापुढे शाई वेगळी दिसेल. मधे पेन माझ्या हातून खाली पडले आणि त्याचे टोक मोडले. आता डॉक्टरीणबाईंच्या पेनाने लिहीत आहे.

सुतार शिडीवर चढले, फटीतून डोके घातले, आणि वेल कुठून कुठे जाते ते मान फिरवून पाहिले. मग म्हणाले, "ताई, ही तुमची फांदी तुमची नाही."

मी म्हटले, "म्हणजे? माझ्या यंत्रावर लोंबतेय, डोळ्यांनी दिसतेय."

"लोंबतेय, पण इकडून फुटलेली नाही. कुंडीतून एकच वेल वर गेलीय, ती गेली तिकडे. तिकडे भिंतीनं खिडकीपर्यंत, खिडकीवरून पंख्याला वेढा, मग दुसऱ्या भिंतीनं सगळी खोली फिरून परत फळीवर आलीय, आणि खाली तुमच्याकडे सोडलीय. आपणहून नाही आली. कोणीतरी आणलीय. जागोजाग केसांच्या काळ्या पिना लावल्यात, कुठं दाबली जाणार नाही अशा. आणि फळीची कड देठाला घासू नये म्हणून खाली कापडाची घडी घातलीय."

मी विचारले, "कसलं कापड?"

"निळं. पांढरे ठिपके."

ते कापड मला ठाऊक आहे. धाकटीला मी शिवून दिलेला शेवटचा गाऊन. त्याच्या गळ्याला मी दुहेरी शिवण घातली होती, कारण ती कपडे ओढून घालते.

सुतार वरूनच म्हणाले, "आणि पंखा बंदच आहे हो यांचा. पात्यांवरून वेल गेलीय. कोपऱ्यात टेबलपंखा लावून बसल्यात."

पेन तेव्हाच पडले. मग मी, इतक्या वर्षांनी, फळीकडे तोंड करून जे पहिले तोंडात आले ते बोलले. ते असे होते: "कोणी सांगितलं होतं गं तुला स्टुलावर चढायला? गुडघे गेलेत ना तुझे? पडली असतीस म्हणजे?"

तिकडून आवाज आला. "पडले नाही ना."

"नाही पडलीस म्हणून काय झालं!"

"ताई, ओरडू नकोस, झडप आहे तुझी."

"मी ओरडत नाहीये. वेल का पाठवलीस परत?"

ती म्हणाली, "मागे लांब कोंब आला होता, बोडका, एक पान नाही. पंख्यावरून खाली लोंबकळत होता. छाटायला हात नुसता शिवशिवत होता बघ. पण नाही छाटला. तू त्या दिवशी जे जे ओरडलीस ते सगळं पाठ आहे मला. म्हटलं, आधार शोधतोय तर शोधू दे. माझ्याकडे दरवर्षी फुलतं. तू तिकडे यंत्र थांबवून वास घेत बसतेस ते कळतं मला, आवाज बंद होतो. म्हटलं, एकदा तुझ्याकडे फुलू दे."

डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी धरली. ती ठीक होती, मला फक्त रडू येत होते. मी हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर धाकटी सगळ्यांना सांगत फिरेल की ताई रडली, आणि मी नाही म्हणेन. तर रडले.

कलम ७ ची दुरुस्ती. मागचे लिहिलेले खोडायचे झाले तर प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या सह्या लागतात असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून वरचे राहू द्यावे आणि खालचे खरे मानावे. सदर वेल, मुळापासून कळीपर्यंत, अलीकडची आणि पलीकडची, कुंडी, ताटली आणि खडूच्या रेघेसकट, मी माझ्या धाकट्या बहिणीला देते. घराचा माझा हिस्सा भाच्याला दिला असला तरी वेल आहे तिथेच राहील आणि धाकटी तिच्याजवळ राहील. त्यात भाच्याने ढवळाढवळ करू नये आणि तांब्या घेऊन आत येऊ नये.

हे मी मोठ्याने वाचून दाखवल्यावर पलीकडून उत्तर आले, "मला नको."

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, त्या नाकारतायत."

मी म्हटले, "का नको? इतकी वर्षं पंखा न लावता बसलीस, आणि आता नको?"

"मृत्युपत्रातून नको मला. परत ये आणि हातानं दे. तोपर्यंत सांभाळीन. तोपर्यंतच. नाही आलीस तर बघ, कात्री घेऊन सगळे देठ छाटून टाकीन."

म्हणून दुरुस्तीला पुन्हा दुरुस्ती: धाकटी ही वेल मी परत येईपर्यंत सांभाळील. मी परत आल्यावर ती तिला हाताने देण्यात येईल. मी न आल्यास काय, ते लिहायला तिने मनाई केली आहे. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात नेमके तेवढेच लिहायचे असते, हे कलम कुठेही टिकणार नाही. टिकायचे ते टिकेल. मी पुढच्या कलमाकडे जाते.

कलम ८. कात्री. कलम ६ मधला शेवटचा हुकूम मागे घेते. कात्री धाकटीने आपल्याकडे ठेवावी. चीक मी कधीच पुसून काढला आहे आणि धारही लावून घेतली आहे. तिने ती कापडाला वापरावी, केसांना वापरू नये. वेलीला वापरली तर मी असेन तिथून उठून येईन.

कलम ९. पार्टिशन. सुतार म्हणतात, फळीच्या वरच्या कडेवर वेल टेकली आहे, आत्ता काढले तर कळ्या जातील. ते बरोबर आहे. तेव्हा फुले उमलून, गळून, देठ तेवढे राहिले की मग पार्टिशन काढावे. तोवर खालच्या भागातली एक फळी आजच्या आज काढावी. स्क्रू सोडवून काढावी. हातोडा घेऊन ठोकाठोक करू नये, वर कळ्या आहेत. म्हणजे धाकटीला रस्त्यावरून वळसा घालून यायला नको.

हे लिहीपर्यंत सुतारांनी फळी काढलीसुद्धा. धाकटी वाकून, गुडघ्यांना शिव्या देत, त्यातून इकडे आली. केस पांढरे झाले आहेत तिचे. रंगवत नाही, म्हणते दुसऱ्यांचे रंगवून कंटाळा आला. माझ्याकडे बघण्याआधी तिने वर कळ्यांकडे बघितले, मग एक पान बोटांत धरून दुमडून पाहिले. म्हणाली, "ताठ आहे, आज पाणी नको." मग माझ्या मागे उभी राहून हे सगळे पहिल्यापासून वाचून काढले. कलम ६ वाचताना तिने नाक मुरडले. म्हणाली, "अळणी होता म्हणे! अगं, डॉक्टरांनीच मीठ बंद केलं होतं तुझं. मी सांगणार होते, तू बोलू दिलंस का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळीही बंदच राहणार आहे, बरं का."

धाकटी म्हणाली, "ऐकलंस? उद्यापासून दोन वेळचा डबा मी आणणार. अळणीच आणणार. आणि कळी कितपत फुगली ते रोज येऊन सांगणार. तू खाल्लं नाहीस तर सांगणार नाही."

कलम १०, शेवटचे. सदर डबा मी खाईन.

वरील मजकूर मी वाचला, धाकटीने वाचला, तो बरोबर आहे, आणि त्याखाली माझ्या हाताने सही केली आहे.

सही: शिवणवाली ताई

साक्षीदार:
१. समोरच्या डॉक्टरीणबाई
२. सुतार (शिडीवरून पाहिले ते खरे, असे त्यांनी आपल्या हाताने लिहिले आहे)

धाकटीलाही सही करायची होती. जिला वेल मिळणार तिची साक्ष नको, असे वकीलसाहेब म्हणाले. ती म्हणाली, मी तर नको म्हटलंय. ते म्हणाले, तरीही. तेव्हा तिने सही न करता कडेला केसांची एक काळी पिन लावून ठेवली आहे. ती काढू नये.

दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, कळ्या अजून मिटलेल्या असताना. कॅलेंडरवरची तारीख वकीलसाहेबांनी शिक्क्याशेजारी घातली आहे.

स्थळ: आमची मोठी खोली.